सळईतला कार्बन आणि ‘अधिक-उणे’चा अर्थ

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून बिलेट ओततात आणि त्यातून टीएमटी सळया लाटतात. प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीतल्या एका वेळच्या वितळीचा, नमुना घासून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवला, स्पार्क पाडला की कार्बनचा आकडा मिळतो. अहवालात तो ‘०.२४ ± ०.०२ टक्के’ असा छापला, तर प्रयोगशाळेने चूक कबूल केली असे अनेकांना वाटते. पण चूक सापडली की ती दुरुस्त करायची असते. सगळ्या दुरुस्त्या करूनही जी शंका उरते ती अनिश्चितता, आणि ती मोजून सांगितल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ती नसते, हाही गैरसमजच. एनएबीएल ज्या आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ मानकानुसार मान्यता देते, तेच मानक अनिश्चितता काढायला सांगते.

पडद्यावर ०.२४१७ दिसले म्हणून चौथ्या दशांशस्थळावर भरवसा ठेवता येत नाही. पुन्हा पुन्हा मोजूनही शंका पुरती जात नाही. चार स्पार्कच्या सरासरीत यादृच्छिक चढउतार निम्म्यावर येतो, पण यंत्र ज्या प्रमाणित संदर्भ नमुन्यावर जुळवले त्याच्या मूल्यातली शंका चारही वाचनांत तशीच राहते. उदाहरणादाखल, सरासरीतला चढउतार ०.००६, संदर्भ नमुना ०.००५ आणि पोलादाचा असमानपणा ०.००६ टक्के धरू. त्यांची सरळ बेरीज करायची नसते. वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतले की सुमारे ०.०१ मिळते. साधारण ९५ टक्के खात्रीसाठी त्याची दुप्पट करतात, म्हणून ± ०.०२.

आता खरा प्रश्न निकालाचा. कार्बन वाढला की सळईची वाकण्याची आणि वेल्डिंगची क्षमता घटते, म्हणून आयएस १७८६ने ‘एफई ५००डी’ या प्रतीच्या सळईसाठी ०.२५ टक्के ही कमाल मर्यादा घातली आहे. ०.२४ हा आकडा मर्यादेच्या आत दिसतो, पण वरच्या हिशेबाने खरे मूल्य मर्यादेपलीकडे असण्याची शक्यता सुमारे १६ टक्के उरते. ‘मग ही पळवाटच झाली, ०.२६ आला तरी अधिक-उणे दाखवून माल पास होईल,’ हा आक्षेप रास्त आहे. पण पळवाट अनिश्चिततेमुळे निघत नाही, निकालाचा नियम आधी न ठरवल्यामुळे निघते. म्हणूनच अनुरूपतेचा, म्हणजे माल मर्यादेत बसतो की नाही याचा, निर्वाळा देताना कोणता निर्णय-नियम वापरला, हे सांगणे १७०२५ने बंधनकारक केले आहे. ०.२३ पर्यंतच माल घ्यायचा ठरवले तर ग्राहकाचा धोका फार कमी होतो आणि काही चांगला मालही नाकारला जातो. ०.२५ पर्यंत घेतला तर तो धोका ग्राहक पत्करतो. दोन्ही नियम प्रामाणिक आहेत, पण नमुना तपासण्याआधी ते खरेदीच्या करारात लिहिलेले हवेत. अनिश्चितता लपवली, तर धोका कुणाच्या माथी आला हेच ग्राहकाला कळत नाही.