तीन अंशांची उतरण

१५ जून २०२३ रोजी श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी नियंत्रित स्फोटाने पाडण्यात आली. विमान उतरण्याच्या वाटेत येणाऱ्या सुमारे ९० मीटर उंचीच्या या चिमणीवरून सोलापुरात वर्षानुवर्षे वाद पेटला होता. सभासद शेतकऱ्यांना कारखान्याची काळजी, शहराला विमानसेवेची ओढ. दोन्ही बाजू खऱ्याच होत्या, पण वादाच्या मुळाशी होती साधी भूमिती. प्रवासी विमान साधारणपणे ३ अंशांच्या कोनात उतरते. म्हणजे चाके टेकायच्या जागेपासून १ किलोमीटर अलीकडे ते जेमतेम ५२ मीटर उंचीवर असते. ९० मीटरची उंची त्याच्याकडे असते ती १७०० मीटर अलीकडे. शिवाय वाटेखाली बरीच मोकळी जागा राखावी लागते ती वेगळीच.

९ जून २०२५ पासून होटगी रोडवरच्या सोलापूर विमानतळावरून गोव्याचे विमान उडू लागले. आकाश स्वच्छ असले की वैमानिक ही उतरण डोळ्यांनी साधतो. त्यासाठी सर्वसाधारण नियम ५ किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसण्याचा आहे. थंडीतले सकाळचे धुके किंवा परतीच्या पावसाचे खाली उतरलेले ढग आले की हे गणित बिघडते. मोठ्या विमानतळांवर अशा वेळी मदतीला येते आयएलएस, म्हणजे इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम.

तिचे दोन भाग. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकामागे अँटेनांची एक आडवी रांग उभी असते, तो लोकलायझर. तो येणाऱ्या विमानाच्या दिशेने दोन झोत सोडतो. लहर एकच, पण डावीकडच्या झोतावर ९० हर्ट्झचा सूर जास्त ठळक, उजवीकडच्यावर १५० हर्ट्झचा. विमानातला रिसीव्हर फक्त एवढेच मोजतो की कोणता सूर किती वरचढ आहे. दोन्ही समान, तर विमान बरोबर मध्यरेषेवर. ९० चा जोर वाढला, तर ते डावीकडे सरकले आहे, आणि कॉकपिटमधली खूण उजवीकडे जाऊन तिकडे वळायला सांगते. धावपट्टीच्या कडेला उभा असलेला ग्लाइड स्लोप हेच काम उभ्या दिशेत करतो: वर ९०, खाली १५०, आणि दोन्ही जिथे जुळतात तिथे ती ३ अंशांची उतरण.

मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती जमिनीची. ग्लाइड स्लोपच्या नेहमीच्या रचनेत अँटेनातून थेट निघालेली आणि समोरच्या जमिनीवरून परावर्तित झालेली लहर एकत्र येऊन ही वाट तयार होते. जमीन हाच यंत्राचा अर्धा भाग! म्हणून ती सपाट हवी, गवत कापलेले हवे. तिथे एखादे वाहन उभे राहिले तरी हवेतली वाट वाकडी होऊ शकते.

२६ जानेवारी १९३८ रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्गला हिमवादळात एक बोइंग २४७ विमान प्रवाशांसह आयएलएसच्या मदतीने उतरले. आज पहिल्या श्रेणीच्या आयएलएसवर वैमानिक २०० फुटांपर्यंत, म्हणजे ६० मीटरपर्यंत, यंत्राच्या भरवशावर येतो. तिथे धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचे, नाहीतर तत्काळ पुन्हा वर जायचे. ताशी २०० किलोमीटरने येणाऱ्या एटीआरसारख्या छोट्या प्रवासी विमानाला तिथून टेकायला वीसेक सेकंद लागतात. दिल्लीसारख्या धुक्याच्या शहरात तिसऱ्या श्रेणीची यंत्रणा आहे, ती याहूनही बरीच खाली आणते.

पण आयएलएसला जागा लागते. अशा धावपट्टीच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १४० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो, वर यंत्रे आणि त्यांची नियमित हवाई तपासणी. भोवती वस्ती वाढलेल्या लहान विमानतळांना हे जड जाते. त्यांच्यासाठी ‘गगन’ ही भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांची उपग्रह यंत्रणा अधिक सोयीची आहे, असे मला ठामपणे वाटते. जीपीएसमधल्या चुका ती जमिनीवरच्या केंद्रांतून मोजते आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानाला पाठवते. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचे एटीआर विमान तिच्या मार्गदर्शनाने उतरले, धावपट्टीवर आयएलएसची एकही अँटेना न वापरता. विमानात योग्य रिसीव्हर मात्र हवा, आणि प्रत्येक धावपट्टीसाठी आसपासचे सगळे टॉवर, इमारती, टेकड्या मोजून उतरण्याची वाट स्वतंत्रपणे आखून मंजूर करून घ्यावी लागते. सोलापूरकरांनी आता पाठपुरावा करायचा तो याचा.