द्राक्षमण्याची भुरी रोगाशी झुंज

द्राक्षाच्या घडावर भुरीची पांढुरकी भुकटी दिसली म्हणजे बागाईतदार औषधासाठी धावाधाव करतो. वास्तविक त्यापूर्वीच मण्याच्या सालीत एक झुंज होऊन गेलेली असते. ती कशी होते हे समजले, म्हणजे फवारणी केव्हा उपयोगी पडते व केव्हा व्यर्थ जाते, याचा उलगडा होतो.

भुरीचे बीजाणू वाऱ्याबरोबर येऊन मण्यावर रुजतात. बुरशीचे तंतू सालीवरच पसरतात. मात्र सालीच्या अगदी वरच्या थरातील पेशींत ती आपली शोषके खुपसते व जिवंत पेशीतील अन्नरस ओढून घेते. पेशी मेली तर बुरशीचीही उपासमार होते.

पेशीला शत्रू ओळखू कसा येतो? बुरशीच्या भित्तिकेत कायटिन नावाचे द्रव्य असते. वनस्पतीच्या अंगात ते नसते. त्याचे सूक्ष्म तुकडे पेशीच्या आवरणातील ग्राहक प्रथिनांना लागताच परका आल्याची वर्दी पेशीकेंद्रापर्यंत पोचते व एरवी स्वस्थ असलेली जनुके कामाला लागतात. बुरशी शिरू पाहते त्या ठिकाणी आतून कॅलोज द्रव्याचा लेप चढतो, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि कायटिनचे तुकडे करणारी विकरे स्रवतात. याखेरीज वेल स्वतःचे बुरशीनाशकही बनविते. रोग किंवा इजा झाल्यास द्राक्षवेल रेस्व्हेरॅट्रॉल हे द्रव्य तयार करते, हे लँगकेक व प्राइस यांनी १९७६ साली दाखविले. हे द्रव्य स्वतः फारसे जहाल नाही. त्यापासून होणारी टेरोस्टिल्बीन व व्हिनिफेरिन ही द्रव्ये अधिक मारक असतात. २००७ साली द्राक्षाचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा रेस्व्हेरॅट्रॉल घडविणाऱ्या विकराची चाळीसहून अधिक जनुके त्यात आढळली.

एवढी शस्त्रे असूनही आपल्याकडील थॉमसन सीडलेससारखी जात भुरीला बळी पडते, हे चमत्कारिक वाटेल. परंतु भुरी मूळची उत्तर अमेरिकेतील. जुन्या जगातील द्राक्षाला तिची ओळखच नव्हती. इंग्लंडात ती प्रथम १८४५ साली दिसली. त्यामुळे या वेलीचा प्रतिकार होतो, पण उशिरा. याउलट अमेरिकेतील मस्कॅडाइन द्राक्षात रन-१ नावाचे जनुक आहे. त्याच्यामुळे बुरशी शिरलेली पेशी तत्काळ मरते व बुरशी उपाशी राहते. संकराने हे जनुक नव्या जातींत आणले गेले आहे.

तथापि मण्याचे वयही महत्त्वाचे आहे. फुलोऱ्याच्या वेळी व त्यानंतरच्या सुमारे दोन आठवड्यांत मणी अत्यंत नाजूक असतो. पुढे त्याची प्रतिकारशक्ती झपाट्याने वाढते. तीन-चार आठवड्यांच्या मण्यावर बीजाणू रुजला तरी त्याला सहसा सालीत शिरता येत नाही. घडाचा देठ मात्र त्यानंतरही काही काळ रोगास बळी पडतो, हे विसरू नये.

म्हणून गंधकाची खरी गरज भुकटी दिसण्यापूर्वी, फुलोऱ्याच्या सुमारास व नंतरच्या तीन-चार आठवड्यांत असते. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक दर लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात फवारावे. कडक उन्हात फवारू नये, साल भाजते. या काळात मांडवातील दाट फुटी काढून घडाभोवती वारा व उजेड खेळता ठेवावा. ढगाळ हवेत रोग बळावतो.

कोवळेपणी भुरी लागलेल्या मण्याची साल वाढत नाही. आतला गर फुगला की ती तडकते व घड कुजू लागतो. शिवाय पाणी उतरल्यानंतर रेस्व्हेरॅट्रॉल बनविण्याची मण्याची शक्ती घटते, त्यामुळे कुजविणाऱ्या बुरशींचे फावते. तेव्हा केलेल्या गंधकाच्या फवारणीने तडकलेला मणी सांधत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बाग पाहावयाची ती मणी बाजरीएवढा असताना, आणि पानांआड लपलेले घड हाताने उचलून.