जाटबाची दंतकथा आणि नागपूरचा संस्थापक

रामाकोना नागपूर–छिंदवाडा रेल्वेमार्गावरचे गाव. दक्षिणेला नागपूर, उत्तरेच्या डोंगरांत गोंड राजांचा देवगड. तरीही नागपूर भोसल्यांनी वसवले, असे या पट्ट्यातही अनेकांना वाटते. हा समज टिकत नाही. नागपूरला शहराचे रूप दिले ते देवगडच्या राजा बख्त बुलंदने, 1702 च्या सुमारास. त्याच्यानंतरच्या चांद सुलतानाने राजधानी तिथे नेली. 1739 मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर वारसाहक्काचा तंटा पेटला, त्याच्या राणीने रघुजी भोसल्यांची मदत मागितली आणि त्यातून भोसल्यांची सत्ता नागपुरात रुजली. म्हणजे भोसले आले तेव्हा तिथे गोंडांची राजधानी नांदत होती.

आता 1702 या सालालाही प्रश्न विचारावा लागतो. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके 862 चा, म्हणजे इ.स. 940 चा ताम्रपट सापडला. रा. गो. भांडारकरांनी तो प्रसिद्ध केला. त्यात 'नागपूर-नंदीवर्धन' असा प्रदेशाचा उल्लेख आहे आणि नंदीवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन असे अभ्यासक मानतात. मग बख्त बुलंदचे श्रेय गेले का? नाही. ताम्रपटाने सिद्ध होते ते नावाचे जुनेपण, शहराचे नव्हे. त्या नागपूरची जागा आजच्या शहराचीच होती, हेही त्यातून निघत नाही. पुराव्याकडून त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त वदवून घेतले, की जुनी दंतकथा मोडताना नवी जन्माला येते. समज खोडणाऱ्या लेखकांनी ही चूक सर्वांत आधी टाळली पाहिजे.

पुराव्याच्या या आग्रहावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो जाटबाच्या बाबतीत जास्त बोचतो. देवगडच्या या राजाने घनसूर आणि रणसूर या गवळी राजांना मारून राज्य मिळवले, अशी कथा या भागात चालत आली. 1907 च्या छिंदवाडा गॅझेटियरमध्ये ती नोंदली गेली. कागद राज्यकर्त्यांकडे होते, गोंडांचा इतिहास तोंडी राहिला. मग कागद मागणे म्हणजे गोंडांनाच इतिहासातून वगळणे नव्हे का? ही शंका मला झटकता येत नाही. पण कागद इथे जाटबाच्या बाजूने उभा आहे. अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'त त्याची नोंद आहे: 2,000 घोडदळ, 50,000 पायदळ, शंभरावर हत्ती. आकडे फुगवलेले असू शकतील, कारण मोगल दरबारालाही आपले मांडलिक मोठे दाखवण्यात रस होता; राजा मात्र खरा. आणि गवळी भावांच्या कथेत गोंडांआधीच्या सत्तेची आठवण उरलेली असू शकते, म्हणून ती फेकून देण्याजोगी नाही. तिच्यातले तपशील मात्र घटना म्हणून छापता येणार नाहीत.

ऐकीव तपशील घटना म्हणून छापण्याची हीच चूक संभाजीराजांच्या बाबतीत झाली होती. राजे 1689 मध्ये गेले. त्यांचे बेताल, व्यसनी चित्र पक्के झाले ते प्रामुख्याने मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीवरून, आणि ती बखर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे समकालीन कागद शोधले आणि 1960 मध्ये चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ते चित्र हलले. देवगडच्या राजांना तसा चिकाटीचा मराठी चरित्रकार हवा आहे. फारसी कागद, नाणी आणि गोंडी तोंडी परंपरा एकाच टेबलावर ठेवून तपासणारा.