आम्ही दांतेचे पाकीटमार!

तिकिटं जमवणं म्हणजे शाळकरी छंद, असं तुम्हालाही वाटतं? मग एका कवीची फक्त पाकिटं जमवणाऱ्या या अवलियाला भेटाच.

लहानपणी आपल्यापैकी निम्म्यांनी तरी हा गुन्हा केलाय. परदेशातून आलेलं पाकीट दिसलं रे दिसलं, की तिकिटाभोवती कात्री फिरवायची, तो तुकडा वाटीभर पाण्यात भिजवायचा आणि सुटलेलं तिकीट वहीत चिकटवायचं. उरलेलं पाकीट? केराच्या टोपलीत. फोर्टात चहा पिता पिता मी हे एका मित्राला सांगितलं, तर त्याचा चेहरा असा झाला की जणू मी मांजराचं पिल्लू बुडवलंय. "अगं, तू फेकलंस तेच तर जमवायचं असतं!"

हा मित्र दिवसभर बँकेच्या बॅक ऑफिसात एक्सेलशी झुंजतो आणि घरी गेला की दांतेची पाकिटं काढून बसतो. दांते अलिगिएरी, १२६५ साली फ्लॉरेन्समध्ये जन्मलेला, 'डिव्हाइन कॉमेडी' लिहिणारा इटालियन कवी. त्याच्यावर तिकिटं निघाली यात नवल नाही. इटलीने १९२१मध्ये, त्याच्या मृत्यूला सहाशे वर्षं झाली तेव्हा तीन तिकिटं काढली. १९६५ला सातशेव्या जन्मवर्षाची तर झुंबडच होती! इटलीची चार, व्हॅटिकनची चार, सोव्हिएत रशियाचंही होतं आणि अमेरिकेचं पाच सेंटवालं १७ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत निघालं.

तिकीट निघतं त्याच दिवशी ते खास छापलेल्या पाकिटावर लावून त्या दिवसाचा शिक्का मारला, की झालं फर्स्ट डे कव्हर. डावीकडे छापलेलं चित्र असतं, त्याला म्हणतात कॅशे. नवं तिकीट नसतानाही एखाद्या निमित्ताने पोस्ट खास शिक्का काढतं, ते स्पेशल कव्हर. नवशिके चित्र बघून पाकीट घेतात. मुरलेले लोक आधी शिक्का वाचतात. आणि दांतेच्या बाबतीत तर शिक्क्यातच सगळी गोष्ट आहे.

गोष्ट अशी. १३०२मध्ये राजकारणातल्या भांडणातून फ्लॉरेन्सने दांतेला हद्दपार केलं. परत सापडलास तर जिवंत जाळू, अशी शिक्षा. तो परत गेलाच नाही. १३२१मध्ये राव्हेन्ना या गावी वारला, तिथेच त्याला पुरलं. पुढे फ्लॉरेन्सला उपरती झाली आणि आमचा कवी आम्हाला द्या म्हणून मागणी सुरू झाली. १५१९मध्ये तर खुद्द पोपची परवानगी मिळाली (पोप दहावा लिओ हाही फ्लॉरेन्सचाच!), अर्जावर मायकेलअँजेलोची सही होती. माणसं राव्हेन्नाला पोचली, थडगं उघडलं, तर आत काहीच नाही! तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी भिंतीला भोक पाडून अस्थी आधीच लंपास केल्या होत्या. त्या सापडल्या थेट १८६५मध्ये, दुरुस्तीचं काम करणाऱ्या मजुरांना, एका लाकडी पेटीत. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये दांतेचं भव्य स्मारक आहे, पण ते रिकामं. राव्हेन्नाच्या समाधीवरच्या दिव्याला तेल मात्र दर सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्सकडून जातं. आणि ती शिक्षा? ती रद्द करायचा ठराव फ्लॉरेन्सच्या नगर परिषदेने केला २००८मध्ये. सरकारी काम!

आता सांगा, तेच तिकीट, पण एका पाकिटावर फ्लॉरेन्सचा शिक्का आणि दुसऱ्यावर राव्हेन्नाचा, ही दोन्ही सारखी कशी असतील? मी हौसेने घेतलेलं पहिलं पाकीट विकणाऱ्याने "फ्लॉरेन्सचं, १९६५चं" म्हणून गळ्यात मारलं. मित्राने भिंगाखाली धरलं आणि हसायलाच लागला. शिक्क्यावर चक्क 'रोमा' होतं. तर लक्षात ठेवा, फ्लॉरेन्सचं इटालियन नाव 'फिरेन्झे'. पैसे देण्याआधी ते शोधा.

व्हॅटिकनच्या पाकिटांची मजा वेगळीच. दांतेने आपल्या काव्यात पोपनाही नरकात टाकलंय. त्याचं राज्यकारभारावरचं 'मोनार्किया' हे पुस्तक १८८१पर्यंत चर्चच्या बंदीच्या यादीत होतं. आणि १९६५ला त्याच व्हॅटिकनने त्याच्यावर तिकिटं काढली, बोत्तिचेल्लीच्या चित्रांसकट. मला विचाराल तर सुरुवात याच संचापासून करा.

जपायचं कसं, ते थोडक्यात. सेलोटेप नको, पीव्हीसीचं प्लास्टिक नको, मुंबईच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. आणि प्लीज, लॅमिनेट करू नका. (एकीने केलंय. नाव सांगत नाही.)

फोर्टातच का भेटलो, तर जीपीओतला फिलाटेलिक ब्युरो आणि एशियाटिक सोसायटी ही मित्राची दोन तीर्थक्षेत्रं. एशियाटिकच्या संग्रहात 'डिव्हाइन कॉमेडी'चं जुनं हस्तलिखित आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने भेट दिलेलं. ऑफिसला जाताना रोज त्या पायऱ्यांवरून नजर फिरवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

मित्राला मी विचारलं, सगळ्यात लाडकं पाकीट कुठलं? मला वाटलं १९२१चं काढेल. त्याने काढलं एक साधं, मळकट पाकीट. चित्र नाही, कोपरा फाटलेला, निळ्या शाईत पत्ता, १९६५चं तिकीट आणि राव्हेन्नाचा रोजचा, साधा शिक्का. बाजारात याला फार भाव नाही, कोरी करकरीत पाकिटंच चढ्या दराने जातात. "पण ती कुठेच गेलेली नसतात," तो म्हणाला. "हे खरंच कुणीतरी कुणालातरी पाठवलंय."

आत घडी घातलेलं पत्र अजून आहे. काय लिहिलंय, मी विचारलं. इटालियन वाचणारी दोन माणसं त्याच्या ओळखीची आहेत, पण त्याने अजून कुणालाच दाखवलेलं नाही.

"दुसऱ्याचं पत्र आहे गं ते," म्हणाला आणि पाकीट परत फाइलमध्ये सरकवलं.