शेकडो जॉब, एकच बदल: बिल्ड सर्व्हर बंद ठेवून त्याच्या सेटिंग्ज स्क्रिप्टने का बदलतात?

१५ मार्च २०२२ रोजी गिटहबने 'गिट://' या जुन्या पत्त्याने कोड देणं कायमचं बंद केलं. या मार्गाने येणाऱ्या कोडला ना एन्क्रिप्शन होतं, ना समोरचा सर्व्हर खरा आहे याची खात्री. वाटेत कुणी कोड बदलला असता तरी कळलं नसतं. त्यामुळे निर्णय योग्यच होता. पण ज्या कंपन्यांच्या बिल्ड सर्व्हरवर हा जुना पत्ता लिहिलेला होता, त्यांची कामं अडणार होती.

उपाय सोपा होता. 'गिट://' काढून तिथे 'एचटीटीपीएस://' लिहायचं. एका जॉबसाठी हे मिनिटभराचं काम. पण समजा असे तीनशे जॉब असतील तर? प्रत्येक पान उघडा, बदल करा, सेव्ह करा. दोनशेव्या पानापर्यंत काहीतरी सुटणारच. अशा वेळी इंजिनीअर सर्व्हर थांबवतात आणि एक छोटी स्क्रिप्ट चालवतात.

बिल्ड सर्व्हर म्हणजे काय?

तुमच्या फोनमधल्या बँकेच्या अ‍ॅपचा कोड अनेक जण मिळून लिहितात. तो कोड गोळा करणं, त्यापासून चालणारं अ‍ॅप तयार करणं, चाचण्या घेणं आणि अ‍ॅप पुढे पाठवणं ही कामं आपोआप करणारा संगणक म्हणजे बिल्ड सर्व्हर. यातल्या प्रत्येक ठरवून दिलेल्या कामाला 'जॉब' म्हणतात.

यासाठी जगभर वापरलं जाणारं एक मोफत सॉफ्टवेअर म्हणजे जेनकिन्स. कोह्सुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना ते 'हडसन' या नावाने सुरू केलं होतं. ओरॅकलने सन विकत घेतल्यावर नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये प्रकल्पाचं नाव 'जेनकिन्स' ठेवण्यात आलं.

जेनकिन्स आपल्या सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फाइल्समध्ये ठेवतं. प्रत्येक जॉबचा एक फोल्डर आणि त्यात 'कॉन्फिग डॉट एक्सएमएल' नावाची एक फाइल असते. कोड कुठून आणायचा, कोणत्या शाखेचा घ्यायचा, काम कोणत्या मशीनवर चालवायचं, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. मजकूर साधा असल्यामुळेच स्क्रिप्टला तो वाचता आणि बदलता येतो.

मग सर्व्हर बंद कशाला करायचा?

कारण चालू असलेलं जेनकिन्स या फाइल्स सतत वाचत नाही. सुरू होताना एकदा वाचतं आणि पुढे मेमरीतल्या प्रतीवर काम करतं. तुम्ही फाइल बदलली तरी त्याला पत्ता नसतो. तेवढ्यात एखाद्या सहकाऱ्याने त्या जॉबच्या पानावर 'सेव्ह' दाबलं, तर मेमरीतला जुना मजकूर फाइलवर लिहिला जातो आणि तुमचा बदल पुसला जातो.

'फाइल्स पुन्हा वाच' असा आदेश चालू सर्व्हरलाही देता येतो. जेनकिन्सच्या आतच ग्रूव्ही भाषेतली स्क्रिप्ट चालवण्याची सोयही आहे. मात्र तिथे बदल लगेच लागू होतो. सर्व्हर बंद असेल, तर फाइल बदलणं आणि बदल लागू होणं यांच्या मध्ये तपासायला वेळ मिळतो. ऑफलाइन पद्धतीचा खरा फायदा हाच आहे.

स्क्रिप्ट कुठे फसते?

स्क्रिप्ट जितक्या वेगाने काम करते, तितक्याच वेगाने चूकही पसरवते. एक उदाहरण घेऊ. १ ऑक्टोबर २०२० पासून गिटहबवरच्या नव्या प्रकल्पांच्या मुख्य शाखेचं नाव 'मास्टर'ऐवजी 'मेन' असं झालं. अनेकांनी जुन्या प्रकल्पांतही तसाच बदल केला. आता कुणी स्क्रिप्टला सांगितलं की जिथे 'मास्टर' दिसेल तिथे 'मेन' कर, तर? जेनकिन्समध्ये मुख्य मशीनलाही पूर्वी 'मास्टर' म्हणत. त्यामुळे शाखेसोबत मशीनचं नावही बदलेल आणि जॉब अस्तित्वातच नसलेल्या मशीनची वाट पाहत बसेल. 'वेबमास्टर'सारखा ईमेल पत्ताही बिघडेल.

म्हणून शब्द सरसकट बदलण्याऐवजी फाइलची रचना ओळखून फक्त शाखेच्या नावाचा रकाना बदलायचा असतो. तिथेही एक खोच आहे. जेनकिन्सच्या अलीकडच्या आवृत्त्या या फाइल्स एक्सएमएल १.१ म्हणून लिहितात, तर पायथॉनसोबत येणाऱ्या एक्सएमएल वाचकाला फक्त १.० समजतं. पहिल्याच ओळीवर तो अडतो.

तिसरी अडचण मालकीची. स्क्रिप्ट प्रशासकाच्या खात्यातून चालवली आणि तिने फाइल नव्याने तयार केली, तर ती फाइल प्रशासकाच्या नावावर जाते. मग जेनकिन्सला स्वतःच्याच फाइलमध्ये लिहिता येत नाही.

सुरक्षित क्रम कोणता?

१. नवे जॉब थांबवायचे, चालू असलेले पूर्ण होऊ द्यायचे आणि मग सर्व्हर बंद करायचा.

२. संपूर्ण फोल्डरची प्रत काढायची. या प्रतीत पासवर्ड आणि ते उघडण्याची किल्ली दोन्ही असतात. त्यामुळे ती सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवायची नाही.

३. पहिल्या फेरीत स्क्रिप्टने काहीही बदलायचं नाही. कोणत्या फाइलमधली कोणती ओळ बदलेल, एवढंच दाखवायचं.

४. संख्या जुळते का ते पाहायचं. तीनशे जॉब अपेक्षित असताना यादीत ३४० आले, तर थांबायचं.

५. बदल झाल्यावर जुन्या आणि नव्या फाइल्समधला फरक दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचा. फाइल्सची मालकी तपासायची.

६. सर्व्हर सुरू करून आधी एकच जॉब चालवायचा. तो नीट झाला की बाकीचे.

सामान्य माणसाने याची काळजी का करावी?

कारण या फाइल्समध्ये लिहिण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्याकडे सर्व्हरची चावी. जेनकिन्सच्या मुख्य फाइलमध्ये सुरक्षा चालू आहे की नाही हे सांगणारी एक ओळ असते. लॉगिन करता येत नसेल, तर प्रशासक सर्व्हर थांबवून तिथे 'ट्रू'चं 'फॉल्स' करतात आणि सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर पासवर्डशिवाय आत जातात. अडचणीत ही सोय उपयोगी पडते. पण फोल्डरपर्यंत पोहोचलेल्या चोरालाही ती तितकीच उपयोगी आहे.

बिल्ड सर्व्हर चुकीच्या हाती पडला तर काय होतं, हे २०२० मध्ये सोलरविंड्स प्रकरणात दिसलं. हल्लेखोरांनी अमेरिकेतल्या या कंपनीच्या बिल्ड यंत्रणेत शिरकाव केला. सॉफ्टवेअर तयार होत असतानाच त्यांचा प्रोग्रॅम एक फाइल गुपचूप बदलत होता. कंपनीच्या अधिकृत सहीनिशी निघालेलं ते अपडेट जवळपास १८,००० ग्राहकांपर्यंत गेलं. त्यात अमेरिकी सरकारची खातीही होती.

अपडेट घेणाऱ्याला आतला बदल दिसत नाही, त्याला फक्त कंपनीचं नाव दिसतं. म्हणून सेटिंग्जच्या फाइल्सना हात कुणी लावला, कोणती स्क्रिप्ट चालवली आणि त्यातून नेमकं काय बदललं, याची नोंद ठेवणं आणि ती नोंद दुसऱ्या कुणीतरी वाचणं, हा या कामातला शेवटचा पण आवश्यक टप्पा आहे.