मुंग्या, लवंगेचे तेल आणि घरातले लेकरू

पहिला पाऊस झाला की दर्यापूर भागातल्या काळ्या जमिनीत पाणी मुरते, बिळे भरतात आणि मुंग्या घरात शिरतात. वर्षावास सुरू होईपर्यंत गुळाच्या डब्यापासून लेकराच्या पाळण्यापर्यंत त्यांची रांग लागलेली असते. मग कोणी उंबऱ्यावर कापूर चुरतो, कोणी लवंगेचे नाहीतर निलगिरीचे तेल शिंपडतो. पहिले शील पाळणाऱ्या घरात मारण्यापेक्षा हाकललेले बरे वाटते, तेही खरेच.

मुंगी वासावर चालते. अन्न सापडले की ती परत जाताना जमिनीवर वासाची रेघ ओढते, बाकीच्या त्याच रेघेने येतात. उग्र तेलाने ही रेघ झाकली जाते आणि रांग मोडते. तैवानमध्ये परदेशातून आलेल्या आगमुंगीवर लवंगेचा प्रयोग झाला, तेव्हा लवंगेच्या भुकटीने सहा तासांत सगळ्या मुंग्या मेल्या. पण तो प्रयोगशाळेतला प्रयोग. आपल्या घरात तेल लवकर उडून जाते आणि थोड्याच दिवसांत रांग पुन्हा सुरू होते.

घरात पिवळसर, जेमतेम दोन मिलिमीटरची बारीक मुंगी असेल तर जास्त सावध राहावे. ही फॅरो मुंगी मालासामानातून जगभर पसरली. तिच्या एका घरट्यात अनेक राण्या असतात. उग्र वासाने किंवा फवाऱ्याने तिला डिवचले की घरटे फुटते, काही राण्या दुसऱ्या भिंतीत जाऊन बसतात आणि एकाची अनेक घरटी होतात. म्हणजे हाकलायला गेलो अन् वाढवून बसलो! ब्रिटनमधल्या दवाखान्यांत या मुंग्यांच्या अंगावर रोगजंतू सापडल्याचे 1972 मध्येच प्रसिद्ध झाले होते. बाळंतिणीच्या किंवा जखमी माणसाच्या खोलीत म्हणूनच ती नको.

आम्हाला खरी काळजी मुंगीपेक्षा तेलाच्या बाटलीची वाटते. कापूर किंवा निलगिरीचे तेल थोडेसे जरी पोटात गेले तरी लहान लेकराला झटके येऊ शकतात. लवंगेच्या तेलाने यकृताला इजा होते. पाळण्याला, उशीला, बाळाच्या नाकाजवळ यातले काहीही लावू नये. मुंग्यांचा खडूही विषारीच. रांगणारे मूल तो तोंडात घालते.

आधी साबणाच्या पाण्याने रांगेची वाट पुसून काढावी, म्हणजे वासाची रेघ जाते. गूळ-साखर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, खरकटे रात्रभर ठेवू नये, भिंतीच्या फटी बुजवाव्यात. बाजेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे असतील तर ते पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलावे, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात.

एवढ्याने भागले नाही तर आमिष. अर्धा लिटर पाण्यात दहा चहाचे चमचे साखर आणि मेडिकलमधली बोरिक पावडर एक सपाट चमचा विरघळवावी. यात भिजवलेला कापूस झाकणाला भोके पाडलेल्या डबीत घालून मुंग्यांच्या वाटेवर, पण मुलांच्या आणि जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाही असा ठेवावा. पावडर जास्त घालू नये. मुंगी वाटेतच मेली तर राणीपर्यंत काही पोचत नाही. दोन-तीन आठवडे लागतात, आणि तोवर जवळपास तेल शिंपडू नये, नाहीतर मुंग्या आमिषाकडे फिरकणारच नाहीत.

शेतात लाल मुंगी डसली तर जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची घडी ठेवावी, फोड फोडू नये. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या किंवा दम लागला तर तेल चोळत बसू नये, 108 ला फोन करावा.