बकरी, माळ आणि बिरदेव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांमध्ये वितळलेलं लोखंड साच्यांत ओतलं जातं आणि महामार्गावर ट्रकांची रांग लागते. त्याच हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीत दिवाळीच्या सुमारास मेंढपाळ धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. माणसं, रस्ते, देऊळ, सगळं भंडाऱ्यानं पिवळं होतं. ढोल-कैताळाच्या ठेक्यावर, हाती तलवार घेऊन यात्रेचे मानकरी फरांडेबाबा हेडाम खेळतात आणि भाकणूक सांगतात: पाऊस कसा, पीक कसं, धारण कशी. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून ते इथवर चालत येतात.

भंडाऱ्याबरोबर तिथे खारीक-खोबरं उधळतात, आणि लोकरही.

ही लोकर दख्खनी मेंढीची. काळी, राठ, मऊपणाचा पत्ता नाही. पण तिच्यावरच सनगर विणकरांचा खड्ड्यातला माग चालत आला. ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची, कुंच्यानं ती सारखी करायची, सुकवायची, मग विणायचं. असं घोंगडं थंडी अडवतं, डोक्यावरून घेतलं की पावसालाही दाद देत नाही. मेंढी दख्खनचीच, तशीच काटक: उन्हात मैलोगणती चालणारी, कोरड्या गवतावर तग धरणारी. लोकरीचा भाव कोसळला तसे धनगर मांसाला भरणारे, कमी लोकरीचे माडग्याळसारखे नर कळपात आणू लागले. त्यांना दोष कसा द्यायचा? पोटापाण्याचा सवाल आहे. मात्र काळी लोकर घटली की माग थंडावतो, आणि देवापुढे उधळायची लोकरसुद्धा शोधत फिरावं लागतं.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी धनगरांच्या निरनिराळ्या शाखांचा अभ्यास केला, तेव्हा एक सुरेख मांडणी पुढे आली. सह्याद्रीच्या धो-धो पावसात गवळी धनगर म्हशी पाळतात. मेंढ्यांचे कळप असतात ते पूर्वेकडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, कारण चिखलात मेंढीचे खूर सडतात. कोणी कुठे काय चारायचं, हे जातीजातींत वाटून गेलेलं होतं. त्यामुळे एकाच चाऱ्यावर सगळ्यांची झुंबड होत नसे.

कोल्हापूरकडे मेंढरांना बकरीच म्हणतात. सुगी झाली की शेतकरी धनगराला गाठून विचारतो, ‘बकरी बसवताय का?’ मग कळप रात्रभर रानात तळ टाकतो. लेंडी-मूत जागच्या जागी मातीत मुरतं, आणि मोबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. वाटेत खाल्लेल्या बाभळीच्या शेंगांतल्या बिया लेंडीतून दूरवर जाऊन रुजतात.

खरी अडचण माळाची आहे. सरकारी नोंदींत माळरान ‘पडीक’ म्हणून गणलं जातं. लांडगा, खोकड, चंडोल, सोलापूरच्या नान्नजचा माळढोक, हे सगळे उघड्या गवताळ रानाचे जीव. तरी तिथे झाडं लावणं हे पुण्यकर्म समजलं जातं. गायरानांवर कधी प्रकल्प येतात, कधी अतिक्रमणं, आणि बकऱ्यांना डांबरी सडकेच्या कडेनं चालावं लागतं.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ रानांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्यानं फिरत्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. पण महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जमातींत नव्हे. त्यामुळे हा हक्क मागताना त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वनातल्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. आज इथे तर उद्या तिथे तळ टाकणाऱ्या माणसानं तो कुठून आणायचा?